आबांच्या पसंतीचं घड्याळ

माझ्या दाजींइतका चोखंदळ माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही, आणि समजा सापडलाच, तर दाजी त्याला दोन्ही बाजूंनी न्याहाळून "हा नको, दुसरा दाखवा" म्हणतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बोरी बुद्रुकला त्यांची कांद्याची शेती आहे. ते चपला घ्यायला नारायणगावात शिरले की दुकानदार आधी जेवून घेतो. म्हैस घ्यायची तर तिच्या मालकाकडे मुक्काम ठोकतात, म्हैस झोपेत घोरते का ते ऐकायला. आक्काला बघायला ते चार वेळा आले. शेवटी आमच्या वडिलांनी निरोप धाडला, की आता होकार तरी द्या, नाहीतर पुढच्या खेपेला पोहे तरी बरोबर आणा. पण या सगळ्या निवडी दाजींनी एकट्याने केल्या. घड्याळ निवडायची वेळ आली तेव्हा त्यांच्या सोबत त्यांचे वडील, आबा होते. आणि आबा तर वारले होते.

आबांनी उभ्या जन्मात मनगटावर काही बांधलं नाही. ऊन ओट्याच्या कितव्या दगडावर आलं, यावर त्यांचा दिवस चालायचा. पण एकदा कुठल्याशा लग्नात मांडवात त्यांनी एका पाहुण्याच्या हातात एक घड्याळ पाहिलं. पातळ, पांढऱ्या तबकडीचं, आकड्यांच्या जागी नुसत्या बारीक सोनेरी रेघा, काळा चामडी पट्टा. सदऱ्याच्या बाहीखालून ते डोकवायचं आणि पुन्हा आत जायचं. आबा त्या दिवशी जेवायचे राहिले. पुढे कधीही विषय निघाला की म्हणायचे, "घड्याळ असं पाह्यजे, की दिसू बी नये अन् नजर हटू बी नये." दाजी म्हणायचे, यंदा कांद्याला बाजार लागला की घेऊ. कांद्याचं तुम्हाला माहीतच आहे.

आबांचा दशक्रिया विधी कुकडीच्या काठी झाला. श्रद्धांजलीची भाषणं झाली, दोन पुढारी तर आबांना न ओळखताही रडले, पण कावळा काही पिंडाला शिवेना. बाभळीवर बसला होता, सगळ्यांकडे बघत होता, खाली येत नव्हता. भावकीतल्या एकेकाने पुढे होऊन हात जोडले. घर सांभाळू, म्हणाले. बांधाचा तंटा मिटवू, म्हणाले. कावळा ढिम्म. मग दाजी पुढे झाले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आबा, घड्याळ घेतो." कावळा एक फांदी खाली आला. दाजींचं सगळं आयुष्य आळेफाट्याच्या कांद्याच्या लिलावात गेलेलं, त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "पंचवीस हजाराचं!" कावळ्याने मान तिरकी केली. "पन्नास!" कावळा आणखी खाली. "लाख!" कावळा पिंडापासून हातभर लांब येऊन थांबला आणि दाजींच्या डोळ्यांत बघत राहिला. लाखावर बराच वेळ गेला. दाजींच्या कपाळावरून घाम ओघळला. "लाख दहा!" असं ते ओरडले मात्र, कावळ्याने भात उचलला. कुणीही हसलं नाही. मागून एक म्हातारे चुलते तेवढे पुटपुटले, "आबानं बाजार न्हाई सोडला."

अशी घड्याळाची रक्कम ठरली. माणसं रक्कम ठरवतात ती वस्तू तिच्या आत बसवायला. दाजींना ती आतही चालेना आणि बाहेरही चालेना. आणि जोवर घड्याळ येत नाही तोवर आबा गेलेले नाहीत, घरीच थांबलेत, हे त्यांनी इतक्या साधेपणाने धरून टाकलं, की पाहुणे आल्यावर "आबा आत झोपल्यात, हळू बोला" असं ते सांगायचे. मी मंचरला राहतो, शिकलेला आहे, आणि हसून सोडून देणाऱ्यांपैकी आहे. पण एकदा भर दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. वारा पडलेला, समोर कांदे साठवायची बराख उन्हात तापलेली, आणि आतल्या रिकाम्या खोलीत आबांची बाज करकरली. कुणीतरी कूस बदलावी तशी. उंबऱ्याशी पडलेलं कुत्रं उठलं, वाट दिल्यासारखं बाजूला सरकलं आणि पुन्हा पडलं. दाजी कांदे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "पडा आबा, अजून नाय गावलं." मी उठलो आणि उन्हात जाऊन उभा राहिलो.

पुण्याच्या घड्याळांच्या दुकानात त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण गाडी माझी. दुकानात गारवा, मंद दिवे, आणि हातमोजे घातलेला एक विक्रेता. आम्ही दोघेच होतो. त्याने पाण्याचे तीन ग्लास आणले आणि दाजींच्या डावीकडे एक खुर्ची अदबीने ओढून ठेवली. मी त्याला विचारणार होतो, पण विचारलं नाही. दाजी घड्याळ उचलत, कानाला लावत, मग डावीकडच्या खुर्चीकडे मान वळवून थांबत. तिथून काय उत्तर यायचं ते त्यांनाच ठाऊक, पण निकाल यायचा. पहिल्या घड्याळाला तारखेची चौकट होती. "तारीख कशाला? आबांची तारीख झाली," दाजी म्हणाले. दुसऱ्याचा सेकंदकाटा फार धावायचा; आबांना धावणारी माणसं आवडत नसत. तिसरं सेलवर चालायचं. "सेल नको. सकाळी चावी द्यायला मानूस लागलं पाह्यजे, तवा घड्याळाला घर कळतं." चौथं त्यांना खरंच आवडलं, पण ते पाच हजारांनी कमी निघालं. विक्रेता खुशीत येऊन सांगू लागला, आणि दाजी त्याला कळवळून म्हणाले, "राव, थोडं चढवा की. शब्द दिलाय." विक्रेत्याने आतून मॅनेजरला बोलावलं. किंमत वाढवून मागणारं गिऱ्हाईक कसं हाताळायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अशा आमच्या खेपा होत राहिल्या. आबांना दुकान पसंत पडलंय, असं दाजी एकदा म्हणाले. गार असतं म्हणून. विक्रेत्याला मी एकदा खुर्चीचं विचारलंच. तो गोंधळला, म्हणाला, "तुमच्यासोबत वडीलधारं माणूस असतं ना?" आणि मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

मग एके दिवशी ते घड्याळ समोर आलं. पातळ, पांढरं, सोनेरी रेघांचं, चावीचं. तारीख नाही, सेकंदकाटा नाही. चांगला काळा पट्टा वेगळा घेतला तर बरोबर एक लाख दहा हजार. माझ्याच अंगावर काटा आला. दाजींनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नको. आबा नाय म्हणत्यात." पण त्यांनी ते कानाला लावलं नव्हतं, डावीकडे पाहिलंही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला घड्याळ मिळत नव्हतं असं नाही, त्याला ते मिळू द्यायचं नव्हतं. घड्याळ आलं की आबा जाणार होते.

घरी पोचल्यावर मी आक्काला आडून आडून सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली, पदराला हात पुसले आणि ओट्यावर बसलेल्या दाजींपुढे जाऊन उभी राहिली. दाजींचा शब्द मोडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मला बी ऐकू येतंय," ती म्हणाली. "पहिलं नुसती कूस बदलायचे. आता कण्हत्यात. दुपारभर कण्हत्यात, आन् तुमी म्हणताय पडा. किती दिस पडायचं त्यांनी? थकलंय ते मानूस. तुमी थांबवून ठिवलंय."

दाजी कांद्याची एक साल बोटांनी चुरत बसले. मग लहान मुलासारखं म्हणाले, "गेल्यावर मी कुणाला इचारू?"

"मला इचारा," आक्का म्हणाली. "मी काय मेलीय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ते घड्याळ घेतलं. विक्रेत्याने डबीत घालून दिलं, आणि आम्ही निघताना दार जरा जास्तच वेळ उघडं धरून ठेवलं. वाटेत दाजी डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. घरी आल्यावर ते आतल्या खोलीत गेले, मी दारात थांबलो. त्यांनी बाजेच्या कडेला बसून घड्याळाला चावी दिली, अगदी सावकाश, आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला. दुपारचं ऊन पायरीवर आलं होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग बाज करकरली, या खेपेला लांबलचक, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात टेकून उठतं तशी. तिची सैल सुंभं हळूहळू वर आली, आणि दारातून माझ्या अंगाला चाटून काहीतरी गार निघून गेलं. मी आक्काचा हात धरला. तिचाही हात गार होता.

दाजी तसेच हात पुढे करून बसले होते. घड्याळाची टिकटिक मला दारापर्यंत ऐकू येत होती, इतकं घर निवांत झालं होतं. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना इतकं पोरकं मी पाहिलं नव्हतं.

"पावणं," ते म्हणाले, "आवडलं का, ते इचारायचंच राहिलं."