पानमळा कुणी जाळला?

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. सत्तरच्या दशकात मी मिरज भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळीच ठाणे अंमलदारानं एका विधवा बाईंची तक्रार माझ्यापुढं ठेवली. त्यांच्या पानमळ्यातली पानं करपली होती. पुतण्यानं औषध मारलं, असा त्यांचा संशय. पुतण्या पलटणीतून निवृत्त झालेला, शेजारीच त्याचा ऊस. पाटाच्या पाण्यावरून दोघांची बोलचाल बंद होती.

मी लगेच पुतण्याला ठाण्यात बोलावून घेतलं. भांडण झालं, शिव्याही दिल्या, हे त्यानं कबूल केलं. औषधाचं मात्र साफ नाकारलं. आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "सायेब, त्यो मळा माज्या चुलत्यानं लावलाय. मी कसा जाळीन?"

दुपारी त्याचा जबाब चालू असतानाच बाई पुन्हा आल्या. पदरात नुकतीच करपलेली पानं होती. सकाळी हिरवीगार होती, म्हणाल्या. त्यांनी पुतण्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यो तर सकाळधरनं हितंच हाय. ह्यानं न्हाई केलं, सायेब. त्येला सोडा."

पंच घेऊन मी मळ्यावर गेलो. वारा जवळच्या रासायनिक कारखान्याकडून येत होता आणि घसा चरचरत होता. त्या बाजूची पानं जास्त जळली होती. पुतण्याच्या उसाचे शेंडेही पिवळे पडले होते.

मी तसाच कारखान्यात गेलो. तिथला आम्लाचा वायू एका उंच टाकीत चुन्याच्या पाण्यानं धुऊन मगच धुराड्यातून सोडायचा असतो. सगळं व्यवस्थित आहे, असं मॅनेजर सांगत राहिले. मी टाकी दाखवा म्हटलं. ती कोरडी ठणठणीत होती. पंप जळाला होता आणि काम थांबवायला मालकांची परवानगी नव्हती.

आत काम करणाऱ्या माणसांचं काय, असं मी विचारलं. मॅनेजर खुर्चीत बसले. "माणसं खोकतायत, साहेब. मला बघवत नाही," म्हणाले आणि स्वतः उठून त्यांनी काम बंद करायला सांगितलं. पुढं त्यांनी मालकाविरुद्ध जबाबही दिला. मी गुन्हा नोंदवला, फॅक्टरी इन्स्पेक्टरांना कळवलं. नवा पंप बसेपर्यंत कारखाना सुरू झाला नाही.

काही महिन्यांनी बंदोबस्ताहून परतताना मळ्यावर थांबलो. वेलींना नवी पानं आली होती. पुतण्या शिडीवरून पानं खुडत होता, चुलती खाली बसून रचत होती.

माझ्या नोकरीत संशय घेऊन येणारे पुष्कळ भेटले. आपणच घेतलेला आळ ठाण्यात येऊन आपल्याच तोंडानं उतरवणाऱ्या त्या बाई एकट्याच. त्या गप्प राहिल्या असत्या, तर मी कारखान्याकडं वळूनही पाहिलं नसतं.