सर्वणच्या साडूंचा पणजी-मुक्काम

देवावर श्रद्धा असलेली माणसं जगात पुष्कळ झाली असतील, पण देवाला इतकं राबवून घेणारा माणूस आमच्या सर्वण गावच्या साडूंशिवाय दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगायला तयार आहे. आमच्या गोव्यात पाकळ्या लावून देवाचा कौल घ्यायची रीत आहे. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, आपण मनातलं गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून वाट पाहायची. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. शहाणीसुरती माणसं लग्न ठरवताना किंवा घर बांधताना असा कौल घेतात. साडू मात्र नारळ कधी पाडायचे, म्हैस विकायची की ठेवायची, भिंतीला चुना यंदा लावायचा की पुढच्या वर्षी, असल्या प्रश्नांसाठी देवाला सकाळी सकाळी उठवत. एकदा त्यांची दाढ दुखायला लागली. डिचोलीला दाताचा डॉक्टर होता, बसही दाराशी थांबत होती, पण देवाने डावी दिली. साडू गाल सुजवून आठवडाभर पेज पीत बसले आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला फुगल्या तोंडाने सांगत राहिले, "देवान दावी दिली. हांव किदें करूं?" शेवटी उजवी पडली तेव्हा डॉक्टरने त्यांना, इतके दिवस काय झोपला होता का, असं विचारलं. साडूंनी त्याच्यावर कायमचा राग धरला, कारण त्यांच्या मते हा प्रश्न देवाला विचारायचा होता.

त्या वेळी गोव्यात राजभाषेचा वाद पेटलेला होता. साडू कट्टर मराठीवाले. "आमकां मराठीच जाय," असं ते अस्सल कोंकणीत ठणकावून सांगत, आणि यात काही विसंगत आहे असं मी सुचवलं की, "तुका समजूंचें ना, पात्रांव," म्हणून, म्हणजे वर मालक म्हणून मान देऊन, मला गप्प करत. पुढे घटकराज्य जाहीर झालं. सगळा गोवा आनंदात असताना, हे बरं झालं की वाईट, हे विचारायला साडू देवळात गेले. पाकळी डावी पडली म्हणे. दिल्लीने आधी सर्वणला विचारायला हवं होतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मी पेडण्याकडचा, चोपड्याचा माणूस. देव आमच्याकडेही आहेत, पण आम्ही त्यांना असं धारेवर धरत नाही.

या माणसाच्या संसारात माझ्या बायकोची थोरली बहीण पडली होती. आम्ही दोघंही तिला बाय म्हणतो. बाय बोलायला कमी आणि कामाला वाघ. कुळागराचं, म्हणजे माडपोफळींच्या बागेचं शिंपण, गुरं, आल्यागेल्याची जेवणं, सगळं तिच्या अंगावर. सर्वणच्या जत्रेला नाटक व्हायचं आणि नाटकाच्या मंडळींचं जेवण साडूंच्या घरी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. त्यामुळे बाय पहिला अंक पाहायची, दुसरा अर्धा पाहायची आणि रस्सा गरम करायला उठायची. लग्न झाल्यापासून तिने पाहिलेल्या एकाही नाटकाचा शेवट तिला ठाऊक नव्हता. कोण मेलं, कोणाचं लग्न लागलं, हे तिला रंग पुसून जेवायला बसलेल्या नटांच्या पानात भात वाढताना कळायचं. तिच्या मुलीचं लग्न झालं, त्यानंतर एकदा आमच्याकडे आली असताना बाय सहज बोलल्यासारखं बोलली, की दोन दिवस पणजीला राहावं, दुसऱ्या कोणी रांधलेलं दुसऱ्या कोणी वाढावं, मांडवीच्या काठावर बसावं आणि एक नाटक पडदा पडेपर्यंत पाहावं. "आमी दोगांच," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. आयुष्यात तिने काही मागितल्याचं माझ्या बायकोला आठवत नव्हतं. बायकोने त्याच दिवशी फर्मान काढलं की तुम्ही पणजीत नोकरीला आहात, तर हे जमवाच.

मी जमवलं. कचेरीजवळच्या एका बऱ्यापैकी हॉटेलचा मॅनेजर ओळखीचा होता. नदीकडची खोली ठरवली, नाटकाची तिकिटं काढली आणि सर्वणला निरोप धाडला. उत्तर आलं, देवाने डावी दिली. मी खोली रद्द केली. दिवाळीनंतर पुन्हा ठरवलं, पुन्हा डावी. शिगम्याच्या आधी ठरवलं, तेव्हाही डावी. कौल घ्यायला साडू एकटे जात आणि परत येऊन ओसरीवर टोपी काढत मान हलवत. बाय चुलीकडे वळायची. असे तीन-चार हिवाळे गेले. मॅनेजर मला रस्त्यात पाहिलं की लांबूनच हात हलवून "खोली नाही" म्हणायला लागला. माझं डोकं इतकं फिरलं की त्या देवालाच एकदा पणजीत आणून ठेवावं, म्हणजे त्याला कळेल की ते काही वाईट ठिकाण नाही, असं मी बायकोला म्हणालो. तिने मला देवासमोर नाक घासायला लावलं.

आणि मग एकदा अचानक साडूंनीच निरोप पाठवला. उजवी पडली, येतो. मॅनेजरच्या हातापाया पडून मी खोली मिळवली आणि त्यांना आणायला बसस्टँडवर गेलो. साडूंबरोबर घरच्या विहिरीच्या पाण्याची कळशी होती, उकड्या तांदळाची पिशवी होती, स्वतःची उशी होती, आणि एक पिकायला आलेला फणस होता. कोणाच्या घरी जेवायला जाताना हात हलवत जायचं नसतं, म्हणून तो फणस त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या आईची प्रकृती विचारली. तांदूळ आचाऱ्याला दिले. हे इथपर्यंत मी सोसलं. पण नंतर त्यांनी जे सुरू केलं त्याने माझ्या नाकी नऊ आले. हॉटेलात लिफ्ट होती. बायला लिफ्टमध्ये बसून पाहायचं होतं. साडूंनी तिचा दंड धरून तिला चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढायला लावले. जेवायला बसल्यावर बाय पानापुढे हात जोडून बसल्यासारखी बसली, वेटरने वाढलेली सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कढी तिने पहिल्यांदा गरम गरम खाल्ली, मला तिच्या चेहऱ्याकडे पाहून भरून आलं. तेवढ्यात कुर्ल्या आल्या आणि साडूंनी तिचं ताट बाजूला ओढलं. "कुर्ल्यो नाका. बादतल्यो." खेकडे तिला बाधतील म्हणे. मांडवीत फिरायला मी बोट ठरवली होती, तीही नाका. काठावर बसू तर वारा नाका. अठरा जून नावाचा रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्ही हात पसरून मोटारी अडवल्या आणि बायला अंड्यांची टोपली नेल्यासारखं पलीकडे नेलं. शिव्या मोटारवाल्यांनी मला दिल्या. सकाळी पाववाल्या पोदेराचे गरम उंडे आले तर हे खोलीत नाहीत. शोधलं तर पणजीतल्या देवळात. ना कौल, ना प्रदक्षिणा, नुसते खांबाला टेकून उभे. आज विसवणाची तुकडी खायची की सुंगटं, हे विचारताय का, असं मी कुजकेपणाने विचारलं. ते चपला घालू लागले. बाय मात्र खोलीत खिडकीशी बसून चहा पीत होती, आणि कप धुवायला उठू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

त्याच दिवशी दुपारचं नाटक. आम्ही चौघं रांगेत बसलो. पहिला अंक संपला, दुसरा संपला, आणि मध्यंतरात साडू उठून कुठेसे गेले. परत आले ते बायजवळ वाकून म्हणाले, "चल, घरा वचुंया. बस मेळटली. शेवट हांवें विचारला, वाटेर सांगतां." या माणसाने रंगमंचामागे जाऊन पडदा ओढणाऱ्याकडून नाटकाचा शेवट विचारून आणला होता. माझी बायको संतापाने लाल झाली. बाय समोरच्या पडद्याकडे बघत राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "म्हाका शेवट पळोवपाचो आसा. तुमी वचात." शेवट पाहण्यासाठी का होईना, सबंध संसारात तिने नवऱ्याला पहिल्यांदा नाही म्हटलं असावं. साडू वळून चालू लागले. घंटा झाली, दिवे मालवले. मी त्यांच्यामागे बाहेर गेलो, कारण आता त्यांना चार शब्द सुनावल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं.

ते पायऱ्यांवर बसले होते. मी सुनावले. चार नाही, पुष्कळ सुनावले. बायकोची एवढीशी हौस, ती तुम्हाला पाहवत नाही, आणि वर देवाच्या नावावर ढकलता, एवढंही बोललो. आता उजवी दिली होती ना देवाने, मग कसली भीती, असं विचारलं, तेव्हा ते टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "उजवी आदीं पडटाली. दर खेपे. हांवूंच घरा येवन दावी सांगतालों."

मी खालच्या पायरीवर टेकलो. कशाला, एवढंच विचारलं.

"तिका हांगा बरें दिसलें, आनी मागीर आमचें घर उणें दिसूंक लागलें जाल्यार? म्हजेकडेन किदें आसा, पात्रांव? शेण आनी चूल." पणजी आवडली तर तिला आपलं घर कमी वाटेल, ही त्यांची धास्ती.

"मग ह्या खेपेक?"

"ह्या खेपेक खरीच दावी पडली."

दाढ दुखत असताना आठवडाभर देवाचा शब्द न मोडलेला हा माणूस तो मोडून माझ्यासमोर बसला होता. इतकी वर्षं देव हो म्हणत होता तेव्हा मी तिला आणलं नाही, ते सांगत होते. आता देवच ना म्हणतो. तो पुढे कधी हो म्हणेल, तोवर आम्ही असू का, कोणी सांगावं. म्हणून घेऊन आलो. "पूण तिका कांय जालें जाल्यार, तें म्हजेर," म्हणाले आणि मुलासारखे रडू लागले. लिफ्ट, कुर्ल्या, बोट, मोटारी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला माझ्या तोंडाची लाज वाटली. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. ते डोळे पुसून आत गेले आणि अंधारात गुडघे आपटत, लोकांचे पाय तुडवत बायच्या शेजारी जाऊन बसले.

नाटक संपलं. पडदा पूर्ण पडून दिवे लागेपर्यंत बाय हलली नाही. बाहेर आल्यावर माझ्या बायकोने विचारलं, काय, आवडला का शेवट? बाय म्हणाली, "शेवट कांय बरो नाशिल्लो." साडूंनी घाईघाईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती दोघं सुखरूप सर्वणला पोचली, आणि साडूंनी डिचोलीच्या पोस्टातून माझ्या कचेरीत फोन करून, "ती बरी आसा," एवढंच सांगून ठेवून दिला.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाय बरी आहे. त्या पायऱ्यांवरची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. मध्यंतरी सर्वणला गेलो असताना मी तिला विचारलं, ते पणजीचं नाटक आठवतं का. तिने आठवून पाहिलं. मग म्हणाली, नाटक काही आठवत नाही. "पूण हे मदींच उठून गेल्ले, ते परत येवन म्हजे कुशीक बसले. तें याद आसा."