वाळवीने सोडलेलं श्रूजबरी

आमच्या फुवांइतकं श्रूजबरी जाणणारा माणूस खुद्द श्रूजबरीतही सापडणार नाही, यावर मी वाट्टेल ती पैज लावीन. फुवा म्हणजे आत्याचे यजमान. तापीकाठच्या आमच्या गावातल्या शाळेचे मास्तर. साहेब लोक गेले तेव्हा कुणीतरी रद्दीत टाकलेलं इंग्लंडच्या भूगोलाचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती लागलं. लंडन, मँचेस्टर वगैरे मंडळी वाळवीने आधीच फस्त केली होती. श्रॉपशर परगण्याचं मुख्य ठिकाण असलेलं श्रूजबरी तेवढं तिच्या तावडीतून सुटलं होतं. मग काय, फुवांनी तेच धरलं! सेव्हर्न नदी गावाला तिन्ही बाजूंनी कसा वळसा घालते, चौथ्या बाजूला किल्ला कसा, पूर्वेला इंग्लिश पूल, पश्चिमेला वेल्श पूल, लोकरीच्या कापडावर तिथले व्यापारी कसे गबर झाले, सगळं तोंडपाठ.

आमच्याही गावाला तापीचा तसाच वळसा. फुवांना एवढं साम्य पुरलं. म्हैस शोधत कुणी आलं, की हे सांगायचे, "वेल्श पुलाच्या अंगाने गेली," म्हणजे महादेवाच्या घाटाकडे. तो बिचारा हात जोडायचा. "मास्तर, पूल ऱ्हाऊ द्या. मन्ही म्हैस कोठे शे ते सांगा." कापसाची गाडी दिसली की यांना लोकर आठवायची, आणि ताट थंड होत असताना हे किल्ल्याभोवती फिरत असले की आत्या कडाडायची, "आज जेवाले बी तठेच जा!" वर्गात पोरं विचारायची, "मास्तर, ते गाव खरंच शे का?" मग फुवा भिंतीवरच्या नकाशावर छडी आपटून गरजायचे, "आहे म्हणजे? हे काय इथे!"

पुढे नदीच्या खालच्या अंगाला धरण बांधायचं निघालं आणि आमचं गाव बुडणार असं ठरलं. घरं तीन ठिकाणी विभागून वसवायची, असा सरकारी बेत. गावाचं मागणं एकच, वसवा, पण सगळ्यांना एका जागी. अधिकारी पाहणीला आले तेव्हा बोलायला फुवांना उभं केलं, कारण सगळं गाव अहिराणी बोलणारं, पुस्तकी मराठी बोलणारे तेच एकटे.

फुवांनी घसा खाकरला. "हे गाव तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेले आहे." इथवर ठीक होतं. पण इतक्या वर्षांची सवय! "चौथ्या बाजूस भक्कम किल्ला असून..." अधिकाऱ्यांनी मान वर केली. "किल्ला? कुठाय?"

"शे ना, साहेब!" अख्खी सभा एका सुरात म्हणाली. आपला मास्तर तोंडघशी पडू नये म्हणून माझ्या वडिलांनी बोट करून दिशाही दाखवली. शेजारच्याने दाखवली ती नेमकी उलटी.

साहेबांना हसू आवरेना. "मास्तर, ते असू द्या. हे गाव कुणी वसवलं, कधी वसवलं, तेवढं सांगा." सातासमुद्रापलीकडच्या किल्ल्याचा चिरा न् चिरा ठाऊक असलेला हा माणूस, आणि स्वतःच्या गावाबद्दल एवढंही ठाऊक नाही! मला फार वाईट वाटलं हो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींकडे हात करून फुवा हळूच म्हणाले, "साहेब, मला नाही ठाऊक. या म्हातारीला थोडं ठाऊक आहे, त्या म्हाताऱ्याला थोडं. ही माणसं तीन ठिकाणी पांगली, की ते कुणालाच ठाऊक राहणार नाही."

साहेब हसायचे थांबले. पुढे माळावर सगळ्यांना एकाच जागी घरं मिळाली.

गाव उठायच्या आधी फुवा ओट्या-ओट्यावर बसून म्हाताऱ्यांना विचारत सुटले, आणि श्रूजबरी मागे पडलं. माळावरच्या नव्या शाळेत ते शिकवायला लागले, "आपले गाव तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेले आहे. पश्चिमेस महादेवाचा घाट..." बाहेर नजर जाईल तिथे मुरूम. एकदा मी शाळेच्या दारात उभा असताना, गाव सोडलं तेव्हा आईच्या कडेवर असलेली एक पोर उठून म्हणाली, "मास्तर, ते गाव खरंच शे का?"

फुवांनी सवयीने छडी उचलली आणि नकाशाकडे वळले. नकाशा नवा होता. जुन्या गावाच्या जागी निळं पाणी होतं. त्यांनी छडी खाली ठेवली.

"व्हतं, बेटा," फुवा म्हणाले. वर्गात ते अहिराणी बोललेलं मी तेवढंच ऐकलं.