खाडीकडे जाणारी वाट

साठच्या दशकात मी दुबईत एका स्वीडिश बांधकाम कंपनीत टायपिस्ट होतो. तिथला इंजिनियर जमिनीच्या करारांचे मसुदे आपल्या देशातल्या नमुन्यावरून स्वीडिशमध्ये लिहायचा. त्याच्याकडूनच कामापुरती भाषा शिकून, शब्दकोश घेऊन मी त्यांचं इंग्रजी करायचो.

आमच्या आवाराला लागून रत्नागिरीकडचे एक चाचा लाकडी गलबतं दुरुस्त करत. गलबत खाडीत लोटायची त्यांची वाट आमच्या जागेतून जायची. तिथे गोदाम बांधायचं ठरलं, तेव्हा इंजिनियरने त्या वाटेसाठी करारात खास कलम घातलं. शब्द होता ‘सेर्वितूत’. त्याने मला नीट समजावलं होतं. हा हक्क माणसाचा नाही, जमिनीचा. साहेब बदलला, मालक बदलला, तरी वाट राहते. “इंग्रजी शब्द सापडला नाही तर आमचाच ठेव, आणि खाली चार ओळींत अर्थ लिही.”

माझ्या शब्दकोशात तो नव्हता. पण खाली टीप देणं म्हणजे आपल्याला येत नाही याची कबुली, असं मला वाटायचं. मी ‘परमिशन’ टाइप केलं. इंजिनियरने माझ्यावर विसंबून न वाचताच सही केली.

वर्षभरात तो मायदेशी गेला. नव्या मॅनेजरने परमिशन काढून घेतली आणि तारेचं कुंपण घातलं.

चाचा माझ्याकडे आले. “कागद तूच छापलास ना रे? बघ, त्यात माझी वाट कुठे हरवली.”

“साहेबाने लिहिलं तेच छापलं, चाचा.”

“मग माझा चहा पिताना काय सांगत होता? वाट तुझ्या नातवालापण पुरेल म्हणे.” ते हसले. “गोऱ्याची जीभ, दुसरं काय. तू कशाला तोंड पाडतोस? चल, जेवायला चल.”

मी गेलो. त्यांच्याकडे मासे-भात जेवलो. मूळ स्वीडिश मसुदा तेव्हा ऑफिसात माझ्याच खणात होता. तो दाखवला असता तर कदाचित कुंपण निघालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती.

अर्धवट दुरुस्त केलेलं गलबत तिथेच उन्हात तडकलं. चाचा गावी परतले आणि मरेपर्यंत त्या इंजिनियरला खोटारडा म्हणत राहिले. तो खोटारडा नव्हता.

गेल्या महिन्यात चाचांच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अब्बा तुम्हाला फार मानायचे.”