बाजार ओळीतला अर्धा चहा

बाळांनो, परवा व्हिडिओवर आबाजींच्या पायजम्याचा दुमडलेला पाय तुम्हाला दिसला, आणि धाकटीने विचारलं, आजी, तू त्यांना गोड खाऊ का दिलंस? मी तेव्हा काही बोलले नाही, कारण ते शेजारीच बसले होते. आता ते झोपले आहेत, म्हणून लिहिते.

घरात साखर मी केव्हाच बंद केली होती. मधुमेह कळला त्या आठवड्यातच डबा शेजारी देऊन टाकला. पण आबाजी घरात होते कुठे! आयुष्यभर त्यांनी विणकरांकडून कापड घेऊन विकलं. दुकान बंद केल्यावरही सकाळी धुतलेला सदरा घालून ते बाजार ओळीतून तलावापर्यंत चालत जात. मीच सांगितलं होतं, चालणं चांगलं. वाटेवर भांड्यांची दुकानं, शिंपी, सायकलवाला. सगळे ओळखीचे. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाल्यापासून तिकडची माणसं कामाला इकडे येईनाशी झाली, गिऱ्हाईक रोडावलं, आणि दुकानदारांना बोलायला वेळच वेळ झाला. आबाजी दिसले की चहा सांगायला टपरीकडे हात वर व्हायचा.

आमच्या बाजारात कापडाचा भाव चहा झाल्याशिवाय निघत नसे, आणि चहा नाकारणं म्हणजे मनात काही धरलं आहे असं सांगणं. हे तुम्हाला समजणं कठीण आहे. माझ्या आग्रहाने एकदा त्यांनी भांडेवाल्याकडे चहा घेतला नाही. संध्याकाळी तो गृहस्थ आमच्या दारात उभा. बसायलाही तयार नव्हता.

"वहिनी, माह्यं काही चुकलं काय? भाऊ चहा टाकून गेले."

मी त्याला बसवलं आणि आजार समजावून सांगितला. शाळेत मुलींना शिकवायची तसा, पायऱ्यापायऱ्यांनी. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, असं आहे तर आतापासून भाऊंना अर्धाच कप देईन.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाजार ओळीत फिरले. लहान शहरात ही एक सोय असते, कोणाला पत्ता विचारावा लागत नाही. सगळ्यांनी मान डोलावली, काळजी केली, आपापल्या घरातल्या मधुमेहाची हकिकत सांगितली. टपरीवाल्याने वेगळ्या भांड्यात बिनसाखरेचा चहा करायचं कबूल केलं आणि केलाही. तो शिंप्याने परत पाठवला. "भाऊले फिका चहा? आम्ही मेलो काय?" हे मला त्याच्याच बायकोने हसत हसत सांगितलं. शेवटी सगळी ओळ भांडेवाल्याच्या मार्गाने गेली. प्रत्येक जण अर्धा कप देई, आणि प्रत्येकाला वाटे की आपल्यामुळे भाऊंचा अर्धा चहा वाचला. सगळे अर्धे एकाच पोटात जात होते. रागवावं तर कोणावर? बसस्टँडपाशी त्यांना चक्कर आली तेव्हा मला कळायच्या आत त्यांना उचलून घरी आणणारे हेच लोक होते.

पुढे चपलेने उजवी टाच कापली आणि जखम भरेना. इथल्या डॉक्टरांनी पट्ट्या बदलून पाहिल्या, मग नागपूरला न्या म्हणाले. नागपूरला गुडघ्याखाली पाय काढावा लागला. वॉर्डाबाहेर अर्धी बाजार ओळ उभी होती. भांडेवाला रडत होता. त्याला धीर मलाच द्यावा लागला.

आता आबाजी जात नाहीत, तर बाजार घरी येतो. संध्याकाळी ओसरीवर खुर्च्या लागतात. मी सर्वांना बिनसाखरेचा चहा देते आणि ते मुकाट्याने पितात. पण आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. मी कप घेऊन आत गेले की उशीमागे काहीतरी सरकवलं जातं. अंथरूण झटकताना मला पेढ्याचा कागद सापडतो.

गेल्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या पायाबद्दल ताकीद दिली. घरी आल्यावर मी आबाजींना म्हटलं, तुम्ही स्वतःच नाही म्हणा, माझं कोणी ऐकत नाही. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "ज्यायच्या खांद्यावर जायचं आहे, त्यायले नाही कसं म्हणू?"

तुमचे बाबा म्हणतात, दोघंही इकडे या. तिथे त्यांना कोणी पेढा देणार नाही, हे खरं आहे. पण ते येणार नाहीत, आणि त्यांना सोडून मी येणार नाही.

रोज सकाळी मी त्यांचा डावा पाय कोमट पाण्याने धुते, बोटांच्या मधली जागा कोरडी करते, टाच उजेडात धरून पाहते. आजही पाहिली. जखम नाही. डावा पाय अजून आहे.