हरभऱ्यातला बोया

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत धरण आटत गेलं आणि आमच्या सेलिंग क्लबातले किस्से वाढत गेले. सभासद अकरा, शिडाच्या होड्या पाच, त्यातल्या तीन गळक्या. रुबाब मात्र नेव्हीचा.

वर्षातून एक रेस झालीच पाहिजे, निदान दोन होड्या फिनिश झाल्या पाहिजेत, नाहीतर धक्क्याची परवानगी रद्द, अशी सरकारी अट. धक्का गेला की क्लब संपला. म्हणून आमचे रेस ऑफिसर जोशी सर, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, नियमाला जिवापाड जपायचे.

*

सर दहाच्या ठोक्याला शिट्टी मारायचे. आमच्याकडं वारा येतो दोनला! एकदा चार तास होड्या जागच्या जागी. एकानं डबा खाल्ला, मी झोप काढली. काठावरून सरांचा भोंगा, "शिस्तीत थांबा, रेस चालू आहे."

*

शहरात, गारखेड्यात आमच्या घरी नळाला आठवड्यानं पाणी. बायको म्हणाली, "धरणात होड्या फिरवता ना, मग येताना चार कॅन भरून आणा."

भरले. सरांनी जादा वजनाबद्दल मला बाद केलं, आणि त्यातला एक कॅन स्वतःच्या घरी नेला.

*

मग ती शेवटची रेस. पाहुणे म्हणून प्लॉटिंगवाले एक शेठ आले, पांढरे बूट घालून. धक्का कोरड्यात उभा.

"पाणी कुठंय?"

होड्या सांभाळणारे जाधवमामा म्हणाले, "लई लांब नाय. गाडी जाती. परत यायची गॅरंटी नाय."

शेठनी मोकळ्या जमिनीवर नजर फिरवली. "ही कुणाची?"

"माझी व्हती. धरणात गेली."

शेठनी मान हलवली. मग रस्ता किती फुटी ते विचारलं.

*

होड्या ज्याला वळसा घालतात तो केशरी बोयाही कोरड्यात पडलेला, आणि भोवती मामांनी गाळात पेरलेला हरभरा.

"बोया हलवता येणार नाही. मंजूर कोर्स आहे," सर म्हणाले.

"मग होड्या हरभऱ्यातून न्यायच्या?" मी विचारलं.

"उचलून न्या. नियमात वळसा लिहिलाय, पाण्यातून असं कुठं लिहिलंय?"

"पिकात पाय टाकून तर बघा," मामा म्हणाले. त्यांनी बोया खांद्यावर मारला आणि पाण्यात शिरले. बांधायचा दोर कुजलेला, म्हणून बरंच आत जाऊन छातीभर पाण्यात बोया धरून उभे राहिले.

सरांनी वहीत लिहिलं, "बोया हलला. मी हलवला नाही."

दोन होड्यांनी मामांना वळसा घातला, दोन्ही फिनिश झाल्या. क्लब वाचला. सरांचे डोळे भरून आले, माझेही.

मामा बाहेर आले तसे सर म्हणाले, "जाधव, तिथं सगळा गाळ आहे. तासभर एका जागी उभे कसे राहिलात?"

"गाळ नाय सर. माझ्या विहिरीचा कठडा हाय. अजून पक्का हाय."