घरात फक्त इंग्रजी

बायको मरताना मी तिला मराठी बोलू दिलं नाही.

आज वर्ष झालं. लिहितानाही शिसारी येते. स्वतःची.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा लिहिलं होतं, नलूताई शांतपणे गेल्या.

शांतपणे कसल्या! मीच तिला गप्प केलं होतं.

मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला आणि समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी पडली. जपानमधल्या कॉलेजांची मुलं एखादी टर्म इथे येतात. सकाळी शहरातल्या तांजोंग पगार भागात इंग्रजीच्या क्लासला जातात आणि राहतात कुणाच्या तरी घरी, म्हणजे घरातही तीच भाषा कानावर पडते. अशी मुलं पाठवणाऱ्या एका एजन्सीकडे मी नाव दिलं.

कशासाठी? मिरवायला. जन्मभर बँकेत इंग्रजी पत्रं लिहिली, त्याचा माज.

फॉर्मवर अट होती : विद्यार्थी असेपर्यंत घरात फक्त इंग्रजी. नवरा-बायकोनं आपसांतसुद्धा.

मी पेन काढून सही केली. नलूला विचारलंही नाही.

"इंग्रज गेले, हे राहिले," ती म्हणाली. हसली बिचारी.

मग हारुका आली. वीस वर्षांची, दारात चपला जुळवून ठेवणारी. नलूला पोरगी फार आवडली. पण जिची जीभ कधी टाळ्याला लागायची नाही, ती नलू "ईट, ईट" आणि "गुड?" एवढ्यावर आली. मराठी बोलायचं तर स्वयंपाकघरातला पंखा मोठा करून, कुजबुजत. "अहो, नारळ संपलाय," हेसुद्धा चोरून!

आणि मी बाहेरून ओरडायचो, "नलू, इंग्लिश प्लीज!"

थू.

एकदा हारुकानंच मला विचारलं, "अंकल, आंटी अँग्री विथ मी?"

"नो, नो. शी इज शाय."

नलू आणि शाय!

आमचं दोघांचं एक होतं. शाळेतल्या कविता. संध्याकाळी समुद्राकाठी चालताना मी एक ओळ म्हणायची, पुढची तिनं. सत्तरीला टेकली तरी अडायची नाही. त्या ओळींबरोबर नव्या पुस्तकाचा वास यायचा, बाकावर पडलेलं ऊन दिसायचं. हारुका सोबत फिरायला येऊ लागली आणि तेही बंद झालं.

हारुकाचे दोन आठवडे उरले होते तेव्हा नलूच्या छातीत दुखलं. हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत घरी जातील.

तिसऱ्या दिवशी दुपारी हारुका संत्री घेऊन भेटायला आली.

नलूनं माझा हात धरला आणि एक ओळ म्हटली. चौथीच्या पुस्तकातली. मग थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

पुढची ओळ मला येत होती. ओठांवर होती.

मी म्हणालो, "इंग्लिश, नलू. हारुका इज हिअर."

"ओके," ती म्हणाली.

हारुका ताडकन उठली. "अंकल, आय गो आउट. यू स्पीक युअर लँग्वेज. प्लीज." दार हळूच ओढून घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये उभी राहिली.

परदेशातून भाषा शिकायला आलेल्या पोरीला कळलं. मला नाही.

मी वळलो तोवर नलूनं डोळे मिटले होते. वाटलं, झोप लागली. त्या झोपेतून ती उठलीच नाही.

तेराव्याच्या आसपास एजन्सीचं सर्टिफिकेट आलं. शंभर टक्के इंग्रजी घर. माझं नाव सोनेरी अक्षरांत. फाडताना हातालासुद्धा घाण लागल्यासारखी वाटली.

आज सकाळी त्यांचीच मेल : नवी बॅच येतेय, खोली आहे का?

"नो," एवढंच लिहिलं. तेही इंग्रजीत. सवय जात नाही मेली.

मित्रांनो, श्रद्धांजली तुम्ही वाहा. माझी लायकी नाही.

नलू, त्या दुपारी निरोप राहिला. आता देतो.

नीट जा गं.